थेरपी चालू आहे, पण ती तुमच्या मुलासाठी आखलेली आहे का?

डोंबिवलीच्या एका आईने विचारलं आहे: मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पावणेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. दीड वर्षापासून दादरच्या एका सेंटरमध्ये आठवड्याला तीन ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि आवाज-स्पर्श हाताळायला शिकवणारी थेरपी) आणि दोन स्पीचची सेशन चालू आहेत. फळं, प्राणी, रंग मिळून चाळीसेक चित्रांची नावं तो सांगतो. पण घरी तहान लागली तर एक शब्द बोलत नाही, हात धरून ओढतो, नाहीतर रडतो. त्याच्याबरोबरच सुरुवात केलेला दुसरा एक मुलगा आता वाक्यं बोलतो. सेंटरने रोज चार तासांचं पॅकेज सुचवलं आहे. ते घ्यावं, सेंटर बदलावं, की आमचंच कुठे कमी पडतंय?

मी मुंबईत अनेक वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून लहान मुलांबरोबर काम करते आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. दीड वर्षं मुलाला कडेवर घेऊन डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या आईचं काही कमी पडलंय, असं मला वाटत नाही. पॅकेजचे पैसे मात्र इतक्यात भरू नका, आणि सेंटरही लगेच सोडू नका. आधी एक गोष्ट तपासून घ्या. या दीड वर्षात मुलगा जिथे पुढे सरकला आणि जिथे अडला, त्याप्रमाणे त्याची थेरपी कधी बदलली का? बदलली असेल तर काय बदललं, कधी आणि कशामुळे, हे तुम्हाला सांगता यायला हवं, कारण चांगला थेरपिस्ट ते पालकांशी बोलूनच बदलतो. सांगता येत नसेल, तर चार तासांच्या पॅकेजमध्ये आत्ता जे चाललंय तेच जास्त वेळ चालेल.

त्या दुसऱ्या मुलाची तुलना मनातून काढून टाका, असं मी सांगणार नाही. वेटिंग रूममध्ये रोज शेजारी बसून ते कुणालाच जमत नाही. एवढं मात्र समजून घ्या की ‘ऑटिझम’ हे निदान म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. २०१३ साली डीएसएम-५ हे मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक आलं आणि आधी वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी निदानं एका ‘स्पेक्ट्रम’खाली आली. त्यामुळे एकाच निदानाची दोन मुलं शेजारी बसलेली असतात आणि त्यांचे प्रश्न पूर्ण वेगळे असतात. एकाला घरातलं सगळं बोलणं समजतं, पण ओठ-जिभेची हालचाल हवी तशी जुळवता येत नाही. दुसरा टीव्हीवरची आख्खी जाहिरात म्हणून दाखवतो, पण ‘चप्पल आण’ म्हटलेलं त्याला कळत नाही. तिसऱ्याला कळतं, बोलताही येतं, पण आवाज आणि गर्दीने तो इतका भेदरलेला असतो की बोलायला जागाच उरत नाही. तिघांना एकच फ्लॅशकार्डचा गठ्ठा दिला, तर एखाद्याला फायदा होईलही. पण तो योगायोग असेल.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तीत चाळीस विधानं असतात आणि गुण ४० ते २०० मध्ये येतात. त्या आकड्यावरून प्रमाणपत्रावरची टक्केवारी ठरते, आणि ते प्रमाणपत्र महत्त्वाचंच आहे. पण येत्या सोमवारी मुलाला काय शिकवायचं, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ या शब्दांवरूनही नाही. ते ठरतं तो आज काय करतो, कोणाबरोबर करतो आणि कुठे अडतो यावरून.

आणि ते तुम्ही तुमच्या प्रश्नात लिहिलेलंच आहे. चाळीस चित्रांची नावं येतात, पण पाणी मागत नाही. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. समोर दिसतंय त्याचं नाव सांगणं वेगळं आणि हवं ते दुसऱ्या माणसाकडे मागणं वेगळं. बिहेविअर थेरपीत पहिल्याला ‘टॅक्ट’ आणि दुसऱ्याला ‘मँड’ म्हणतात, कारण एक आलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. बाकीची बहुतेक मुलं ही उडी स्वतःच मारतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना ती वेगळी शिकवावी लागते. तेव्हा एक्केचाळिसावं चित्र शिकवायची आत्ता गरज नाही. हा बदल खरं तर बऱ्याच आधी, दहा-बारा चित्रं झाली तेव्हाच व्हायला हवा होता.

सुरुवात कुठून करायची? तो आज जे करतो तिथून, म्हणजे हात ओढण्यापासून. हात ओढणं हा संवादच आहे. त्याला काहीतरी हवंय, आणि ते माणसाकडून मिळतं, हे त्याला कळलं आहे. आता त्याच्या पुढची एकच पायरी घ्यायची. तुमचा हात ओढून तो ओट्यापाशी नेतो, तेव्हा त्याच्या उंचीला खाली बसा आणि थांबा. मनात सात-आठ आकडे मोजा. मुंबईच्या घाईत आपण एवढं थांबतच नाही, आणि मुलाला करायला जागा मिळते ती त्या थांबण्यातच. त्याने तुमच्याकडे पाहिलं, बोट केलं, ‘पा’ म्हणाला, काहीही केलं, तर लगेच ‘पाणी!’ म्हणून द्या. काहीच केलं नाही तर तुम्ही एकदा ‘पाणी’ म्हणा, त्याचं बोट तांब्याकडे न्या, आणि द्या.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला बजावून सांगते. पाणी, जेवण, शी-शू, जवळ घेणं या गोष्टी ‘बोललास तरच मिळेल’ म्हणून अडवून धरायच्या नाहीत. सराव करायचा तो आवडीच्या, मौजेच्या गोष्टींवर: साबणाचे फुगे, चादरीचा झोका, बिस्किटाचे छोटे तुकडे, चावीची गाडी. या गोष्टी एका बैठकीत दहादा मागता येतात आणि नाही मिळाल्या तरी कुणाचा जीव जात नाही. तहानलेल्या मुलाला शब्दासाठी ताटकळत ठेवलं तर तो एवढंच शिकतो की बोलणं म्हणजे त्रास.

आता मोजण्याबद्दल. पालक या शब्दाला बिचकतात, पण प्रगतीप्रमाणे थेरपी बदलायची तर प्रगती दिसायला हवी, आणि ‘आधीपेक्षा बरा आहे’ हे वाक्य सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. फ्रिजवर एक वही अडकवा. एका वेळी दोनच उद्दिष्टं. दिवसातल्या पाच-दहा संधी बास. प्रत्येक वेळी एक अक्षर लिहायचं: स्वतःहून केलं तर ‘स्व’, इशारा केल्यावर केलं तर ‘इ’, हात धरून करून घ्यावं लागलं तर ‘हा’. आजीसुद्धा लिहू शकते. रविवारी पान उघडून बघा. आठवडाभरात ‘हा’ची जागा ‘इ’ घेत असेल, तर शब्द एकही वाढलेला नसला तरी मूल पुढे जातंय. ही प्रगती सेंटरच्या रिपोर्टमध्ये बहुधा दिसणारच नाही.

बरेचदा ‘स्व’ आणि दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या जागा, असं तीन-चार दिवस दिसलं की पुढची पायरी घ्यायची. म्हणजे बाटली जरा लांब ठेवायची, किंवा बाबांकडे मागायला लावायचं, किंवा ‘पाणी’च्या जागी ‘पाणी दे’. एका वेळी यांतलं एकच बदलायचं. सेशनमध्ये दहापैकी नऊ वेळा जमलं म्हणून उद्दिष्ट ‘पूर्ण’ झालं, असं मी मानत नाही. दादरच्या एसी खोलीत, एकाच ताईबरोबर, टेबलाच्या एका बाजूला जमलेलं कौशल्य डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना जमलं, तर ते त्याचं झालं.

आणि दोन-तीन आठवडे पान हलतच नसेल तर? तेव्हा मुलाला ‘अजून प्रॅक्टिस’ देण्याआधी आपण काय बदलायचं ते शोधायचं. बहुतेक वेळा तीनांतलं एक कारण सापडतं. पायरी फार मोठी आहे, तर तिचे दोन तुकडे करा. बक्षीस त्याला नकोच आहे, म्हणजे आपण चॉकलेट दाखवतोय आणि त्याचं लक्ष पंख्याकडे. मग पंखा हेच बक्षीस करा, ‘चालू’ म्हणून तो सुरू करायचा. तिसरं कारण जरा लपलेलं असतं. आपला इशाराच त्याच्या कृतीचा भाग होऊन बसलेला असतो. ‘काय हवंय?’ विचारल्यावर ‘पाणी’ म्हणणारी, पण न विचारल्यास तासभर गप्प बसणारी कितीतरी मुलं मी बघते. ती मागायला शिकलेली नसतात, प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकलेली असतात. तिथे प्रश्न विचारणं बंद करून नुसतं समोर, अपेक्षेने बघत थांबायचं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला हीच शंका जास्त येते, कारण फ्लॅशकार्डचं सगळं शिक्षण ‘हे काय आहे?’ या प्रश्नावर उभं असतं.

अडण्याचं चौथं कारण थेरपीच्या बाहेरचं असतं आणि ते सर्वात आधी बघायला हवं. शरीर. बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, कानात साचलेलं पाणी, अपुरी झोप, रक्तातलं लोह कमी असणं. ज्या मुलाला ‘इथे दुखतंय’ सांगता येत नाही, त्याचं दुखणं चिडचिड, डोकं आपटणं किंवा नुसतं मंदावणं म्हणून बाहेर येतं. त्याची श्रवणतपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. सहकार्य न करणाऱ्या मुलांची तपासणी झोपेत ‘बेरा’ चाचणीने होते; आवाजाला कान आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे ती मोजते. टक लावून मध्येच थिजणं, झोपेत झटके, अशी शंका असेल तर बालमेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा, कारण ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचं (फिट येण्याचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. आणि असलेले शब्द किंवा कौशल्यं गेली, तर थेरपी वाढवण्याचा विचारही नंतर, आधी डॉक्टर.

आता ओटीकडे. आठवड्याला तीन सेशन, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ तिथे जातोय, आणि तुमच्या प्रश्नात ओटीचा काय उपयोग झाला याबद्दल एक ओळही नाही. याचा अर्थ ओटी वाईट आहे असा होत नाही. पण ती कशासाठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ओटीचं उद्दिष्ट झोपाळ्यावर बसणं हे नसतं. झोपाळ्यामुळे नंतर काय जमावं, हे उद्दिष्ट असतं. केस कापताना किंचाळणं कमी होणं. भात-वरण सोडून आणखी दोन पदार्थ खाणं. चड्डी स्वतः वर ओढणं. ठाण्याला गाडी बदलताना फलाटावरच्या घोषणेने कान दाबून खाली न बसणं. तीन आठवड्यांनी यांतल्या एकातही फरक नसेल, तर थेरपिस्टने वेगळं काही करून बघायला हवं, किंवा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवायला हवा. फलाटाचा आवाज सहन करायला शिकवण्यापेक्षा कानावर हेडफोन लावणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. परिस्थिती बदलून काम भागत असेल तर मूल बदलायच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चार तासांच्या पॅकेजबद्दल. अशा पॅकेजमागे असते ती ‘आठवड्याला चाळीस तास’ ही कल्पना, आणि ती बरीचशी आली मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या बिहेविअर थेरपीवरच्या १९८७ सालच्या लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासातून. त्यात तशी थेरपी मिळालेली मुलं होती एकोणीस, आणि त्यांतली नऊ इतर मुलांच्या बरोबरीने पहिलीत गेली असं नोंदवलं गेलं. तो अभ्यास गाजला, पण मुलांची गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्ष नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षेलाही जागा होती. त्यानंतर पुष्कळ संशोधन झालं आहे. २०२४ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या मेटा-विश्लेषणाने लहान मुलांवरचे असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तास वाढले की फायदाही वाढतो, असा ठोस संबंध त्यात आढळला नाही. तास निरर्थक आहेत असं मी म्हणत नाही. आठवड्याला अर्धा तास पुरत नाहीच. पण ‘जास्त म्हणजे चांगलं’ या एका वाक्यावर दागिने गहाण ठेवून पैसे भरू नयेत.

आपल्या जवळचा एक अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. गोवा आणि रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या मुलांवर झालेला, २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेला. त्यात प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पंधरा दिवसांतून एकदा कुटुंबाला भेटत, आई-वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढून त्यांच्याबरोबर बसून बघत, आणि मूल कधी स्वतःहून काही सांगू पाहतं ते दाखवत. आठ महिन्यांनी तपासलं तेव्हा पालक मुलाच्या सुराशी जास्त जुळवून घ्यायला लागले आणि मुलं पालकांशी स्वतःहून जास्त संवाद साधायला लागली. म्हणजे घरातला वेळ हासुद्धा थेरपीचाच वेळ आहे; तो कसा वापरायचा हे कुणीतरी दाखवायला मात्र हवं.

डोंबिवली-दादर जाणं-येणं, वेटिंग धरून, पाच दिवसांत किती तास जातात ते तुम्ही जाणता. तिथे पोचेपर्यंत मूल दमलेलं असतं आणि पंचेचाळीस मिनिटांच्या सेशनमधली पहिली पंधरा मिनिटं स्थिरावण्यात जातात. रोज चार तास झाले तर त्याचा खेळ, दुपारची झोप, बिल्डिंगखालची मुलं, आजीबरोबरचा वेळ, सगळं त्यातून कापलं जाईल. मी असते तर उलटं सुचवलं असतं: दोन स्पीच तशाच ठेवा, तीनपैकी एक ओटी कमी करा, आणि त्या जागी पंधरा दिवसांतून एकदा असं सेशन मागा ज्यात थेरपिस्ट मुलाला शिकवणार नाही, तुम्हाला शिकवेल. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात तेव्हा व्हिडिओ कॉलवरही हे चांगलं होतं.

तुमच्या घरात बोलणं मराठीत आहे असं मी धरून चालते, आणि सेंटरची चित्रं बहुधा इंग्रजीत आहेत: अॅपल, डॉग, रेड. तसं असेल तर अडचणीचं आणखी एक कारण समोरच आहे. ‘एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा, शाळेत तेच लागणार’ हा सल्ला मुंबईत सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचा भाषाविकास आणखी मागे पडतो, असं संशोधनातून दिसलेलं नाही. उलट आई ज्या भाषेत रागावते, कुरवाळते, गाणी म्हणते, ती भाषा बंद केली तर मुलाला दिवसभर मिळणारं बोलणंच आटतं. आई मग मोडक्या इंग्रजीत ‘कम, सिट, ईट’ एवढंच बोलते. आजी तर गप्पच होते. तुम्ही मराठीतच बोला, छोट्या वाक्यांत बोला, आणि सेंटरला मागण्याचे पहिले वीस शब्द मराठीत घ्यायला सांगा: पाणी, दे, नको, उचल, उघड, संपलं, अजून. ‘नको’ तर सगळ्यात आधी. ज्याला ‘नको’ म्हणता येतं त्याला ओरडावं कमी लागतं.

शब्द यायची वाट बघत संवाद थांबवू नका. चित्रं देऊन मागणं, खुणा, टॅबवरचं बोलणारं अॅप, यांना एएसी म्हणतात. ‘चित्र दिलं तर तो बोलणारच नाही’ ही भीती मला रोज ऐकायला मिळते. अभ्यास सांगतात की एएसीमुळे बोलणं अडत नाही. काही मुलांचं थोडं वाढतं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं अॅप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. तुमच्या मुलाला चित्रं ओळखता येतात, म्हणजे यासाठी लागणारी अर्धी तयारी त्याच्याकडे आहेच. तीच चाळीस चित्रं टेबलावरून उचला आणि त्याच्या कामाची करा. वाघाचं नको, पाण्याचं, फुग्यांचं, बागेचं, ‘घरी जाऊया’चं. पाण्याचं चित्र माठाशेजारी चिकटवा, म्हणजे तहान लागली की हाताशी असेल.

मूल सेशनमध्ये कसं असतं, याकडे दुर्लक्ष करू नका. सुरुवातीचे काही दिवस रडणं समजू शकतं. पण दीड वर्षांनंतरही दाराशी तुमच्या पदराला घट्ट धरून राहत असेल, तर ती ‘सवय होईल’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. आराखडा बदलायची ती खूण आहे. हात फडफडवणं थांबवणं, ‘डोळ्यांत बघ’ म्हणून हनुवटी वर करणं, ही उद्दिष्टं असतील तर मी ती काढून टाकायला सांगेन. फडफडवण्याने कुणाला इजा होत नाही, आणि अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी मोठेपणी सांगितलं आहे की जबरदस्तीने डोळ्यांत बघणं त्यांना किती जड जायचं. लक्ष द्यायला नजर भिडावीच लागते असं नाही. त्याने मान वळवून का होईना, तुमच्या हातातल्या वस्तूकडे आणि मग तुमच्याकडे पाहिलं, तर तेवढं पुरे आहे.

थेरपी पुढे कमी करायची वेळही येते, आणि तीही प्रगतीप्रमाणेच. तुमचा मुलगा साडेचारचा आहे. तो दोन-तीन माणसांकडे मागायला लागला की एकट्याच्या खोलीतली काही सेशन बंद करून त्याला दोन-तीन मुलांच्या गटात, आणि रोज दोन तास का होईना, घराजवळच्या बालवाडीत घालायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना सामावून घ्यायचं आहे. प्रत्यक्षात दारात काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी सुरुवात लवकर करा. पाळी धरणं, दुसऱ्या मुलाच्या मागे घसरगुंडीवर चढणं, या गोष्टी मोठ्या माणसाबरोबर टेबलावर बसून येत नाहीत.

खर्चाबद्दल थोडं. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. पॅकेजमधले चार तास नक्की कोण घेणार, तेही विचारा. महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत ओटीचे विभाग आहेत आणि तिथे त्याचं शिक्षणही दिलं जातं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवणाच्या तपासण्या होतात. गर्दी असते, पण वर्षातून एकदा वेगळ्या तज्ज्ञाकडून मूल पुन्हा तपासून घ्यायला या जागा उत्तम आहेत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचा काही भाग त्यात बसतो. ‘स्टेम सेलने (मूळ पेशींच्या उपचाराने) ऑटिझम बरा होतो’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही.

आता सेंटरबद्दल. दहा दिवस वही भरा. घरातले दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा: एक जेवतानाचा, एक खेळतानाचा, एक तो हात ओढून काही मागतानाचा. मग ओटी आणि स्पीच, दोन्ही थेरपिस्टबरोबर एकत्र बसायची वेळ मागा. वेगवेगळी नको, कारण आत्ता त्या दोघींना एकमेकींचं काम माहीत आहे की नाही हेच कळत नाहीये. व्हिडिओ दाखवा आणि विचारा: येत्या तीन महिन्यांत याला घरी काय यायला हवं, आणि आज तो त्या बाबतीत कुठे आहे? ‘कम्युनिकेशन सुधारणे’, ‘अटेन्शन वाढवणे’ असं उत्तर आलं तर लिहून मागा, आणि ते असं काहीतरी असू द्या: ‘जेवताना समोर दिसणारं पाणी आई किंवा आजीकडे, कुणी न विचारता, चित्राने, खुणेने किंवा शब्दाने मागेल; पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस.’ अशी तीन-चार उद्दिष्टं पुरेत. वीस असली तर एकही होत नाही.

व्हिडिओ बघून त्या दोघी पुढे झुकून ‘हे बघा, इथे तो थांबला, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं’ असं म्हणायला लागल्या, फ्लॅशकार्ड बाजूला ठेवायला तयार झाल्या, तुमची वही वाचून प्रश्न विचारू लागल्या, तर तिथेच राहा आणि तीन महिन्यांची तारीख ठरवून पुन्हा बसा. नवीन माणसं, नवीन खोली यांत मुलाचे दोन महिने सहज जातात, ते वाचतील. ‘आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आमच्यावर सोडा’ एवढंच उत्तर आलं, सेशनमध्ये बसू दिलं नाही, किंवा ‘आधी पॅकेज घ्या, मग आराखडा करू’ म्हणाले, तर सेंटर बदला. बदलताना त्याच्या आजवरच्या सगळ्या नोंदी लेखी मागून घ्या, त्या तुमच्या मुलाच्या आहेत. आणि शक्य झालं तर नवी जागा ठाणे-कल्याणच्या दरम्यान शोधा, म्हणजे संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याच्यात खेळायचं बळ शिल्लक असेल.